सुट्या हिऱ्याला कोंदण कोणते?



जुन्या कुड्या मोडायला काढल्या, नथीची तार तुटली, किंवा सासूबाईंच्या अंगठीतला खडा निखळून हाती आला, की आपण काय करतो? कागदाच्या पुडीत बांधतो, पुडी डबीत ठेवतो आणि 'लग्नकार्य निघाले की बघू' म्हणून ट्रंकेच्या तळाशी सरकवून देतो. लग्नकार्य निघते तेव्हा सगळी घाई असते. मंडळी सोनाराकडे जातात, काचेच्या कपाटातली चमचमती अंगठी पाहतात आणि 'अशीच करा' असे सांगून येतात. पुढे दोन-चार वर्षांत अंगठी बोटात राहते, हिरा मात्र कोणत्या सरीत पडला त्याचा पत्ता लागत नाही.

माझे काम पिकांचे आणि खतांचे. सोनारकी हा माझा धंदा नव्हे. पण गावोगावी ओसरीवर बसले की बियाण्यावरून बोलणे लेकीच्या लग्नावर येते आणि मग एखाद्या घरी ती पुडी बाहेर निघते. 'साहेब, हा खरा असेल का? याचे काय करावे?' असे विचारले जाते. म्हणून जाणकार सराफांना विचारून आणि कारागिराच्या शेजारी बसून जे समजले, ते येथे सांगत आहे. सगळ्याचे सार एवढेच, की कोंदण निवडताना आधी हिरा घालणारीचा हात पाहावा, दुकानातले कपाट नंतर. बियाणे कितीही भारी असले तरी जमीन पाहिल्यावाचून आपण पेरत नाही. हिऱ्याची जमीन म्हणजे त्याचे कोंदण.

आधी खडा ओळखा

हिरा म्हणजे निव्वळ कर्ब. माती परीक्षणाच्या अहवालात आपण ज्या कर्बाचे प्रमाण पाहतो, तेच मूलद्रव्य पृथ्वीच्या पोटात प्रचंड दाबाखाली व उष्णतेत स्फटिकरूप झाले की त्याचा हिरा होतो. निसर्गात सापडणाऱ्या खनिजांत याच्याइतके कठीण दुसरे नाही.

पण घरगुती परीक्षांवर विसंबू नका. 'काचेवर ओरखडा निघाला म्हणजे हिरा' असे म्हणतात. ओरखडा तर आपल्या बांधावरची गारगोटीही काढते. 'खरा हिरा घणाखाली फुटत नाही' हा समजही जुना आहे. दृष्टांत म्हणून तो शोभतो, परीक्षा म्हणून घातक आहे. कठीण असणे वेगळे आणि चिवट असणे वेगळे. लाकूड शिरेत धरून कुऱ्हाड मारली की सहज चिरते. हिऱ्यालाही तशा दिशा असतात आणि त्या दिशेने ठोका बसला तर तो दुभंगतो. त्याची सर्वांत नाजूक जागा म्हणजे भोवतालची कड. ही गोष्ट लक्षात ठेवा, कोंदण निवडताना ती उपयोगी पडेल.

सराफाकडे पेनासारखे एक यंत्र असते. ते खड्याला टेकवले की उष्णता किती वेगाने वाहून जाते ते दाखवते. काच किंवा 'अमेरिकन डायमंड' म्हणून विकला जाणारा कृत्रिम खडा त्यात पकडला जातो. मात्र मोइसनाइट नावाचा दुसरा कृत्रिम खडा या यंत्राला फसवू शकतो. शिवाय आता प्रयोगशाळेत तयार केलेले हिरे बाजारात आले आहेत. तेही कर्बाचेच आणि खरे हिरे असतात, म्हणून हे यंत्र त्यांना हिराच म्हणते. किंमत मात्र खाणीतल्या हिऱ्यापेक्षा पुष्कळच कमी असते. हा फरक हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळेतच कळतो. अशा प्रयोगशाळा मुंबई व सुरतेत आहेत. खडा लहान असेल तर तपासणीचा खर्च परवडणार नाही. मोठा असेल तर तो जरूर करावा.

वजन आणि माप लिहून ठेवा

येथे एका शब्दाने घोटाळा होतो. सोन्याचा कॅरेट म्हणजे शुद्धता, हिऱ्याचा कॅरेट म्हणजे वजन. हिऱ्याचा एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम. म्हणजे एका ग्रॅममध्ये पाच कॅरेट. एका कॅरेटचे १०० भाग केले की एक भाग म्हणजे एक सेंट. पंचवीस सेंट म्हणजे पाव कॅरेट.

जुनी माणसे गुंजेत किंवा रतीत बोलतात. ९६ गुंजांचा तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम, हा जुना हिशेब. आता सराफ तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात आणि खड्यांची रती सोन्याच्या गुंजेपेक्षा जड धरली जाते. म्हणून पावतीवर वजन कॅरेट-सेंटमध्ये किंवा मिलिग्रॅममध्येच लिहून घ्यावे.

वजनाबरोबर माप हवे. नेहमीच्या गोल घाटाचा एक कॅरेटचा हिरा सुमारे साडेसहा मिलिमीटर रुंद असतो. पाव कॅरेटचा सुमारे चार मिलिमीटर, म्हणजे ज्वारीच्या दाण्याएवढा. दहा सेंटचा तीन मिलिमीटर, म्हणजे टपोऱ्या बाजरीएवढा. याचा दुहेरी उपयोग आहे. 'अमेरिकन डायमंड' हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जड असतो. तेव्हा साडेसहा मिलिमीटरचा खडा जर दीड कॅरेटच्या वर भरू लागला, तर शंका घ्यावी. आणि पुढे सोनाराकडून दागिना परत येईल तेव्हा हेच माप आपला साक्षीदार असते.

जुना घाट की नवा?

आता खडा आडवा धरून बाजूने पाहा. खाली भोवऱ्यासारखा निमुळता होत टोकाला गेला असेल, तर तो बहुधा अलीकडच्या पद्धतीने पैलू पाडलेला आहे. त्याला ५७ किंवा ५८ पैलू असतात. वरून शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर आपटून पुन्हा वरच बाहेर पडतो, म्हणून तो लखलखतो. अशा हिऱ्याला पाठीमागून आधार लागत नाही. मात्र त्याची पाठ स्वच्छ राहिली पाहिजे.

उलट, आजी-पणजीच्या दागिन्यातला खडा पुष्कळदा चपटा आणि पातळ असतो. पैलू थोडे, कड वेडीवाकडी. अशा हिऱ्यांना पोलकी म्हणतात. त्यांच्या पाठीमागे चकचकीत वर्ख घालून मागची बाजू बंद केलेली असे. प्रकाश खड्यातून आरपार जाऊन वर्खावरून परत येई, तेव्हा कुठे तो झळके. असा चपटा हिरा हल्लीच्या उघड्या अंगठीत बसवला, तर तो काचेच्या तुकड्यासारखा निस्तेज दिसतो. मग घरची माणसे म्हणतात, 'सोनाराने खडा बदलला.' सोनाराने काही केलेले नसते, कोंदण चुकलेले असते. अशा संशयाने पिढ्यान्पिढ्यांचा घरोबा तुटतो.

कोणी सुचवील, 'जुना खडा नव्याने घासून घेऊ, म्हणजे चमकेल.' घाई करू नका. घासणे म्हणजे वजन घालवणे. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. त्र्यंबकेश्वराच्या मंदिरातला म्हणून जगात प्रसिद्ध झालेला 'नासक' हिरा, म्हणजे नाशिकचा हिरा, मराठ्यांच्या शेवटच्या लढाईनंतर इंग्रजांच्या हाती लागला आणि १८१८ साली लंडनला विक्रीस गेला. त्या वेळी त्याचे वजन ८९ कॅरेटच्या वर होते. पुढे तो दोन वेळा नव्याने घासला गेला आणि १९४० साली हॅरी विन्स्टन या अमेरिकन जवाहिऱ्याने केलेल्या घडणीनंतर ४३.३८ कॅरेट उरला. त्यांच्याकडे घालवायला चाळीस कॅरेट होते. आपल्याकडे चाळीस सेंटही नसतात. जुन्या घाटाला जुन्या पद्धतीचे कोंदण शोधणे, हे कमी खर्चाचे आणि शहाणपणाचे.

कोंदणाचे प्रकार

*पंजांचे कोंदण.* सोन्याचे चार किंवा सहा बारीक पंजे हिऱ्याच्या कडेवर वाकवून त्याला धरून ठेवतात. हिरा उंच बसतो, चहूकडून दिसतो, सोने कमी लागते आणि आतून धुता येतो. सहा पंजांची उंच अंगठी १८८६ साली न्यूयॉर्कच्या टिफनी या पेढीने लोकप्रिय केली. आज दुकानात दिसणाऱ्या बहुतेक अंगठ्या त्याच वळणाच्या आहेत. पण ती अंगठी कापूस वेचणाऱ्या हातासाठी घडलेली नव्हती. पंजात कापसाचा तंतू अडकतो, लुगड्याचा काठ अडकतो, गवताची काडी अडकते. दर वेळी पंजा केसभर उचलला जातो. शिवाय माती घासून पंजे झिजतात. चारांपैकी एक गेला की हिरा गेलाच म्हणून समजा. सहांपैकी एक गेला तर निदान सावध व्हायला वेळ मिळतो. पंजेच हवे असतील तर सहा घ्या, आणि बसके घ्या.

*पट्टीचे कोंदण.* हिऱ्याभोवती सोन्याची सलग पट्टी उभी करून तिची वरची कड आत दाबतात. विहिरीला कठडा असावा तसे हे दिसते. अडकायला कोठे टोक नाही आणि हिऱ्याची नाजूक कड पूर्ण झाकलेली राहते. कडेला जुना टवका उडालेला असेल तर तोही झाकला जातो. पाठीमागे भोक ठेवले की धुण्याची सोय होते. कड झाकल्याने हिरा थोडा लहान वाटतो आणि सोने थोडे जास्त लागते, हे खरे. तरीही शेतात व घरात दोन्हीकडे राबणाऱ्या हाताला हेच कोंदण योग्य, असे माझे स्पष्ट मत आहे. हिऱ्याला किंचित पिवळी झाक असेल तर पिवळ्या सोन्याच्या पट्टीत ती लपून जाते, हा आणखी एक फायदा.

*बंद पाठीचे कोंदण.* चपट्या जुन्या हिऱ्यासाठी हेच. यातला उत्तम प्रकार कुंदनाचा. शुद्ध सोन्याची अतिशय पातळ पट्टी खड्याभोवती थंडच दाबून बसवतात. दागिन्याच्या पोकळीत लाख भरलेली असते. हे काम सगळ्यांना येत नाही. त्याचा खास कारागीर असतो. यात दोन सावधगिऱ्या हव्यात. असा दागिना पाण्यात बुडवू नये, कारण पाणी आत शिरले की वर्ख काळवंडतो आणि गरम पाण्याने लाख सैल होते. दुसरे, लाखेचे वजन सोन्यात धरले जाऊ नये. सोने किती, लाख किती, खडा किती, हे वेगवेगळे लिहून घ्यावे.

*जाड सोन्यात बुडवलेला हिरा.* अंगठीच्या जाड पट्ट्यातच खड्डा करून हिरा पृष्ठभागाच्या बरोबरीने बसवतात. वर काहीच येत नाही. पुरुषांच्या अंगठीला हे बरे. पण खोल, टोकदार हिऱ्याला तेवढे जाड सोने लागते.

दोन टोकांच्या दाबात हिरा नुसता तोलून धरलेल्या अंगठ्याही शहरात मिळतात. त्या सैल झाल्या तर तालुक्याच्या गावी दुरुस्त होत नाहीत. जे बिघडल्यावर जवळपास दुरुस्त होत नाही, ते अवजार असो की दागिना, आपण विचार करूनच घ्यावे.

दागिना कोणता करावा?

अंगावरच्या सगळ्या जागांत सर्वांत जास्त ठोके बसतात ते बोटाला. खुरपे, विळा, दोर, घागर, धार काढणे, भाकरी थापणे, भांडी घासणे, सारे हातानेच. म्हणून एकुलता एक चांगला हिरा असेल, तर रोजच्या अंगठीत तो घालू नये. नाकातली चमकी, कानातला दागिना किंवा गळ्यातले पदक या जागा त्यामानाने सुरक्षित आहेत. पाच-दहा सेंटचा हिरा चमकीला फार शोभतो. सोनेही अगदी थोडे लागते. फिरकी घट्ट बसते ना, तेवढे पाहावे.

कुडीला जोड लागते. एका हिऱ्याची कुडी होत नाही, आणि जुन्या हिऱ्याला नव्याची जोड दिली तर डावे-उजवे लगेच कळते. सात खड्यांच्या कुडीतला एक हरवला असेल तर त्याच घाटाचा, त्याच रंगाचा जुना खडा शोधावा लागतो. सोनाराला तसे सांगून ठेवा. जुने दागिने मोडीत येतात तेव्हा असे खडे निघतात. तोपर्यंत थांबावे. मोठा एकटा खडा असेल तर त्याचे पदक उत्तम.

पुरुष मंडळींना एक कळकळीचे सांगणे आहे. कडबाकुट्टी, मळणी यंत्र, ट्रॅक्टरचा पीटीओ यांच्याजवळ कसलीच अंगठी बोटात नको. चालत्या यंत्रात अंगठी अडकली तर हिरा राहील, बोट जाईल. अंगठी घडवायचीच असेल तर सणासुदीची म्हणून घडवा आणि कामाला निघताना काढून ठेवा.

सोने किती कॅरेटचे?

आपल्याकडे २२ कॅरेटचा आग्रह असतो. पाटल्या-बांगड्यांना तो ठीक आहे. पण हिरा धरून ठेवायला २२ कॅरेटचे सोने मऊ पडते. १८ कॅरेटच्या सोन्यात तांबे-चांदीसारखे धातू जास्त असतात, म्हणून ते टणक असते आणि पंजा किंवा पट्टी सहज वाकत नाही. हिऱ्याच्या दागिन्याला १८ कॅरेट वापरतात त्याचे कारण हे आहे. त्यात फसवणूक नाही. फसवणूक होते ती हिशेबात, आणि तो हिशेब घरी करून जाता येतो.

२२ कॅरेट म्हणजे हजारी ९१६ भाग शुद्ध सोने. १८ कॅरेट म्हणजे ७५० भाग. समजा, तुम्ही २२ कॅरेटचे ४ ग्रॅम जुने सोने दिले. त्यात शुद्ध सोने ३.६६ ग्रॅम. त्याचे १८ कॅरेट केले तर सुमारे ४.८८ ग्रॅम झाले पाहिजे. म्हणजे जवळजवळ ९ गुंजांनी नव्हे, तर सात गुंजांनी वजन वाढले पाहिजे. सोपे करून सांगायचे तर ग्रॅमला वीस-बावीस टक्के वाढ. 'चार ग्रॅम दिले, चार ग्रॅम घेतले, फिटंफाट' असे झाले तर तुमचे सुमारे अठरा टक्के सोने कमी आले. जुन्या दागिन्यात डाग लावलेले असतात, थोडी तूट धरावी लागते, हे मान्य. पण किती तूट, ते आधी ठरले पाहिजे. जुने सोने खरोखर किती कसाचे आहे, हे यंत्रावर तपासून घेतले की दोन्ही बाजूंचे समाधान होते.

पांढरे सोने दिसायला छान, पण त्यावर बहुधा ऱ्होडियमचा मुलामा असतो. तो झिजला की पुन्हा चढवावा लागतो. प्लॅटिनम मजबूत आहे, पण ते सुमारे १७६८ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे त्याची दुरुस्ती साध्या भट्टीवर होत नाही. चांदी मऊ आणि काळी पडणारी. चांगला हिरा तिच्यात अडकवू नये.

सोनाराच्या दुकानात

माणूस ओळखीचा असला तरी कागद करावा. कागदाने मैत्री तुटत नाही, उलट टिकते.

१. हिरा देण्यापूर्वी त्याचे वजन आणि रुंदी-खोलीचे माप पावतीवर लिहून घ्या. मोबाईलवर फोटो काढा.

२. दहापट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून खडा स्वतः पाहा. आत काळा ठिपका, पांढरी रेघ, कडेला टवका असे काहीतरी बहुधा असतेच. जनावराच्या अंगावरची खूण आपण दाखल्यावर लिहितो, तशी ही खूण लिहून घ्या. हाच हिरा आपला, याचा तो पुरावा.

३. जुन्या दागिन्यातून खडा काढायचा असेल तर तो आपल्यासमोर काढावा. जमल्यास बसवतानाही हजर राहा.

४. डाग देण्याचे काम आधी, हिरा बसवणे नंतर, असे सांगा. हिरा कर्बाचा आहे हे विसरू नका. हवेत सातशे-आठशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापला तर त्याचा पृष्ठभाग जळून धुरकट होऊ शकतो. तापलेला दागिना एकदम पाण्यात टाकला तर खडा तडकण्याचाही धोका असतो. जाणता कारागीर हे जाणतोच. तरी सांगून ठेवावे.

५. घडणावळ कशी, ते आधी ठरवा. ती फक्त सोन्याच्या निव्वळ वजनावर असावी. खडा आपला आहे. त्याच्या वजनावर सोन्याचा भाव किंवा मजुरी लागता कामा नये.

६. हॉलमार्क पाहा. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर भारतीय मानक संस्थेची खूण, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक असावा लागतो. 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपवर तो क्रमांक घालून खात्री करता येते. दोन ग्रॅमपेक्षा हलका दागिना, तसेच कुंदन, पोलकी व जडावाचे काम यांना या सक्तीतून सूट आहे. आपली चमकी किंवा जुन्या पद्धतीची कुडी नेमकी यातच बसते. म्हणून तेथे पावतीवर शुद्धता लिहून घेणे अधिकच गरजेचे.

ताब्यात घेताना आणि नंतर

दागिना हाती आला की कानाजवळ धरून हलवा. बारीकसा खुळखुळ आवाज आला तर खडा सैल आहे. पंजांवरून सुती धागा ओढा. अडकला तर पंजा नीट बसलेला नाही. बाजूने पाहा, हिरा सपाट बसला आहे की कलला आहे. लिहून ठेवलेली खूण भिंगातून पुन्हा पाहा. हे सारे दुकानातच करावे, घरी आल्यावर नव्हे.

हिऱ्याला तुपा-तेलाचे मोठे आकर्षण. दक्षिण आफ्रिकेतील किंबर्लीच्या खाणीत १८९० च्या दशकापासून याच गुणाचा उपयोग करीत. चुरलेला खडक पाण्याबरोबर चरबी फासलेल्या टेबलावरून वाहू देत. दगड वाहून जात, हिरे चरबीला चिकटून राहत. आपल्या अंगठीतही हेच होते. कणीक, लोणी, तेल यांचा थर हिऱ्याच्या पाठीला बसतो आणि 'हिऱ्याचे पाणी गेले' असे आपण म्हणतो. पाणी कोठे जात नाही. कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून मऊ ब्रशाने घासले की तो पुन्हा लखलखतो. मात्र वाडग्यात धुवा, मोरीवर नको. बंद पाठीचा किंवा मोती असलेला दागिना साबणात बुडवू नका. नुसत्या ओलसर मऊ फडक्याने पुसा. हिरे वेगळ्या पिशवीत ठेवा, नाहीतर ते शेजारच्या सोन्यावर आणि मोत्यांवर ओरखडे काढतात. वर्षातून एकदा, दिवाळीपूर्वी, सोनाराकडून पंजे व पट्टी तपासून घ्या.

दोन लेकी, एक हिरा

शेवटी, ज्यावरून घरात खरोखर बिनसते ते. जमिनीची वाटणी करता येते, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावता येतात. हिऱ्याचे दोन भाग होत नाहीत. थोरलीला दिला तर धाकटी रुसते. आईच्या पाठीमागे तर भावाभावांत, जावाजावांत अबोला धरला जातो. म्हणून कोंदण घडवण्याआधीच हा हिरा कोणाचा, ते आईने स्वतःच्या तोंडाने, सगळ्यांसमक्ष सांगावे. स्त्रीला मिळालेला दागिना तिचा स्वतःचा असतो आणि तो कोणाला द्यायचा हे ठरवण्याचा हक्कही तिचाच. जाणत्या सराफाकडून हिऱ्याची आजची किंमत लिहून घ्यावी. एकीला हिरा, दुसरीला तेवढ्या किमतीचे सोने, असा तोडगा निघतो. किंमत ऐकून पुष्कळदा आश्चर्य वाटते. सोन्यासारखा हिऱ्याचा रोजचा ठरलेला भाव नसतो, विकायला गेले की पैसे कमी येतात आणि प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी बाजार आणखी बदलला आहे. अडीनडीची पुंजी म्हणून सोने बरे. हिरा ठेवावा तो आजीची आठवण म्हणून, आणि आठवण पुडीत पडून राहण्यापेक्षा लेकीच्या नाकात चमकलेली चांगली.

लग्नसराईत सोनाराला डोके वर काढायला वेळ नसतो. त्या वेळी दिलेले नाजूक काम घाईत होते. आषाढात लग्ने थांबतात, त्याला सवड असते आणि बारीक कामात त्याचे मन लागते. पेरणी उरकली, पाऊस बरा झाला, की खुरपणीतून एक दिवस काढा. पुडी सोबत घ्या, हा अंक घ्या, आणि जी हिरा घालणार आहे तिलाही बरोबर न्या. तिचा हात सोनाराला दाखवा. बाकीचे तो समजून घेईल.